गल्लीचं मागचं टोक

तीर्थरूप दाजींना वाकून नमस्कार. ताईचे गुडघे आणि तुमचे सल्ले पूर्वीसारखेच चालू असतील अशी आशा आहे. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत (तुमच्या कृपेने जरा कमी).

भाड्याने द्यायला घर घ्यायचं तर आधी गल्ली पारखायची, असं तुम्ही फोनवर बजावलंत. खुणाही सांगितल्यात: दाराबाहेरच्या चपला, दोरीवरचे कपडे आणि अनोळखी माणसाशी लोक कसे वागतात ते. म्हातारपणी हेच भाडं आम्हा दोघांना पोसणार, म्हणून रविवारी पूजा उरकून निघालो. पहिल्या गल्लीत चपला अगदी ओळीने लावलेल्या. टाचा झिजल्यात का, हे मी वाकून बघत होतो (झिजलेली टाच म्हणजे नियमित कामावर जाणारा माणूस, हा शोधही तुमचाच), तेवढ्यात आतून एक बाई ओरडली, "अहो, धावा, चपलाचोर!" पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कपाळावर गंध असताना, मी किती वेगाने पळू शकतो हे तुमच्यामुळे कळलं. आभारी आहे.

धापा टाकत पुढच्या गल्लीत शिरलो, तर एका आजीने न विचारताच पायरीवर बसवून पाणी दिलं. त्यांच्या शेजारचं घर विकायचं होतं. मन तिथेच बसलं. पण तुमची शिस्त! म्हणून तिसरी गल्लीही पाहिली. उघडं गटार, लोंबणाऱ्या वायरी आणि सामाईक भिंतीवर भोकाभोकांचे बनियन वाळत घातलेले. असल्या ठिकाणी कोण शहाणा भाडं भरील, असं मी मोठ्यानेच म्हणालो. वरून आवाज आला, "वाळले असतील तर घेऊन या वर." आवाज हिचा होता. दाजी, इतकी वर्षं मी घरी रस्त्याच्या बाजूनेच येतो. आमच्या गल्लीचं मागचं टोक कधी पाहिलंच नव्हतं.

आजींच्या शेजारचं घर घेतलं.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. हिला नवं घर दाखवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "इथे आपणच राहायचं." मी भाड्याचं विचारलं. "ते जुन्या घराचं घ्या की!"

आणखी एक. तुमचे चिरंजीव भाड्याने घर बघताहेत, असं ताईकडून कळलं. आमचं रिकामं होतंय. त्याला जरूर पाठवा. मी गल्लीच्या रस्त्याकडच्या टोकाला उभा राहीन. बनियन काढले आहेत. फक्त तुमच्या त्या खुणा त्याला अजून सांगितल्या नसतील, तर हात जोडतो, सांगू नका.