सोंगाचा पाय

टेंभीची वाडी, हसनाबादजवळ
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. अनसूस,
झुंबरआत्याचे तोंडभरून आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहोत. तुझी आई बरी आहे. पांढरी गाय व्याली, कालवड झाली. इतकी गरीब, की उभी असली तरी झोपेतच आहे असं वाटतं. शाळू कापणीला आलीय. सकाळच्या वाऱ्यात सगळं रान एका बाजूला कलतं आणि हळूच परत उभं राहतं, जसं कुणी झोपेत कूस बदलून राह्यलंय. तू लहानपणी बांधावर बसून म्हणायची, "आत्या, रान श्वास घेतंय." मला अजून तसंच दिसतं, आणि अजून कुणाला सांगायची सोय न्हाई.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उजवं मनगट मुरगळलंय. मोरीत पाय घसरला, असं गावात सांगितलं होतं.

तुझी खबर तुझ्या आईकडून कळते. पुढचा सिनेमा तू सोडला, दाराबाहेर पडत न्हाईस, ताटातलं अर्धं तसंच राहतं. आता हे काम कायमचंच सोडते असंही म्हणालीस म्हणे. तुझी आई हे सांगताना भाकरी थापत होती. सांगता सांगता हात थांबला आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो, पण उलटायला कुणी उठलं न्हाई.

वेशीजवळ तुझा मोठा फलक होता ना, "आमच्या मातीची लेक" लिहिलेला, तो आता तिथं न्हाई. वाऱ्यानं फाटला असं लिहिणार होते, पण हात वळंना. साहेबरावानं उतरवला. जत्रेचा सगळा कारभार त्याच्या हातात, आणि मागच्या साली फुलं उधळत तो चढवणाराही तोच. आता त्याच्या कडब्याच्या गंजीवर तो झाकण म्हणून आहे. तुझा चेहरा आतल्या बाजूला केलाय, तेवढी लाज ठेवली. वर शेळी बसते.

आणि आपली शेजारीण दैवशाला. तिनं नातीला तुझं सिनेमातलं नाव दिलं, आठवतं? मला ते नाव जिभेवर बसत न्हाई, मी तिला छकुलीच म्हणते. मागल्या आठवड्यात दैवशाला म्हणाली, "झुंबरे, नाव बदलता येतं का गं?"

मी म्हणलं, "आमच्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं?"

"लाथ मारली तिनं म्हातारीला. साऱ्या जगानं बघितलं."

"तू बघितलं?"

"बघितलं म्हंजे! धा खेपा बघितलं. दर खेपेला लाथ जास्तच जोरात लागते."

बघ, हे असं आहे. तो तुकडा मीही बघितला. जुन्या जालन्यातलं कापडाचं दुकान, नव्या मजल्याचं उद्घाटन, तू पायरीवर उभी. एक म्हातारी वाकते, पदर तोंडावर आलेला. तुझा पाय झटक्यानं मागं जातो, म्हातारी आडवी होते. खलास. धम्मपाल मास्तरांची प्रिया मला मोबाइलवर दाखवत होती आणि खाली लोकांनी लिहिलेलं अंगठ्यानं झाकत होती. मी तिचा अंगठा बाजूला केला. मला वाचता येतं याचं दुःख जन्मात पहिल्यांदा झालं.

वाचायला मी कशी शिकले, तुला माहीत न्हाई. शाळेचं तोंड मी बघितलं न्हाई. माझा बाप मिरची घेऊन जुन्या जालन्याला जायचा, मी पोत्यावर बसून संगं. तिथं भिंतीवर सिनेमाचे कागद चिकटवलेले असायचे. आधी नटीचा चेहरा ओळखायचा, मंग बापाला तिचं नाव विचारायचं, मंग त्या नावातलं एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवत गाडीभर घरी यायचं. माझे सगळे गुरू असे, गजरे माळलेले.

पण पावसानं ते कागद सुटायला लागले की मी बघायची, गल्लीतली पोरं त्याच चेहऱ्यांवर शेणाचे गोळे मारायची. डोळ्यांना भोकं पाडायची. काल तोंड उघडं टाकून बघणारी तीच पोरं. बाप म्हणायचा, जल्दी चल, बघू नको तिकडं. मला वाटायचं, ह्या बाईनं ह्यांचं काय केलं? ती तर भिंतीवरून उतरली पण न्हाई. कदाचित त्याचाच राग असंल, उतरली न्हाई याचा.

आता तुझ्या बापाचं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला जोर येईल.

मच्छिंद्र माझा धाकटा भाऊ, कडेवर घेऊन वाढवलेला. पण चैत्रात झुंजूमुंजू झालं की तो देवीचं सोंग घ्यायचा. हिरवं लुगडं, कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. ते अंगावर चढलं की तो माझा भाऊ न्हाई. थोरल्यांनीही पायावर डोकं ठेवायचं, मीही ठेवलं, आमच्या बापानंही ठेवलं. आणि नियम एकच, बिलकुल कडक: सोंगाचा पाय हलू नये. मुंगी चावो, काटा रुतो, जन्मदाता वाकून पाया पडो. बाप वाकला तेव्हा मच्छिंद्राच्या डोळ्यांतून पाणी आल्तं, पण पाय दगडासारखा.

सोंग उतरवायची रीत तू विसरली असशील. ऊन वर आलं की त्याला देवळामागच्या खडकावर बसवायचं, घरच्या बायांनी तोंड धुवायचं आणि धुता धुता नावं ठेवायची. सुचतील तेवढी. मी म्हणायची, "उठ रे घोरपड्या, देवी गेली, म्हशी खोळंबल्यात." तुझी आई पदराआडून म्हणायची, "लुगडं तर ह्यांनाच शोभतं, उद्यापासून चूल पण फुंका म्हणावं." सगळ्या हसायच्या, मंग तोही हसायचा, आणि लाल पाणी गालावरून वाहून खडकावरून जायचं. दुपारी वखरामागं. अंगात ना देवीचा ताठा, ना कुणाच्या मनात राग.

माणूस वर चढवला की त्याला खाली आणायला पण माणसं लागतात, अनसू. हसणारी, तोंड धुणारी. तुला चढवणारे लाखांनी मिळाले. सिनेमात तू सोसणारी सून झाली, सासूनं काही केलं तरी मान खालीच, आणि लोक म्हणाले हीच खरी. वर्षानुवर्षं तुला तसंच उभं ठेवलं. घोरपडे, खाली उतर, असं म्हणायला तिथं कुणी न्हाई.

आता लिहितेच.

त्या दिवशी मी मोरीत पडले न्हाई. मी डोळ्याच्या दवाखान्यात जालन्याला गेल्ते. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले, म्हणाले दोन-तीन तास सगळं पसरट दिसंल. बाहेर आले तर रस्ता दुधात पडल्यासारखा. रिक्षांना कडा न्हाईत, माणसांना तोंडं न्हाईत. आणि भोंग्यावर तुझं नाव. मी त्या नावाच्या मागं मागं गेले. दुकानाच्या काचेत दिवेच दिवे, सगळे विरघळून एकमेकांत गेलेले. आणि पायरीवर हिरवं लुगडं, कवड्यांची माळ, मळवट.

तू नव्या सिनेमाच्या पोशाखात आल्ती, हे मला मागून कळलं. मला तू दिसलीच न्हाईस. मला मच्छिंद्र दिसला. तीच हनुवटी, तसाच डावा खांदा थोडा वर. जाऊन सहा वर्षं झाली त्याला, आणि हा इथं उभा. मला एवढंच वाटलं, की अरे, ह्याला अजून कुणी उतरवलंच न्हाई. इतके दिवस बिचारा पाय न हलवता उभा आहे.

मी वाकले. सोंग दिसलं की वाकायचंच असतं. आणि तू खाली बघितलं, तर तुला काय दिसलं? तुझी आत्या. आत्या भाचीच्या पाया कशी पडंल? तू पाय मागं घेतला. माझा सगळा भार तुझ्या पायावर टेकलेला, तो गेला आणि मी गेले.

तू "आत्या" म्हणालीस. मी ऐकलं. त्या बेंडबाजात दुसऱ्या कुणाला ऐकू येणार? तू वाकायच्या आत काळ्या कपड्यातल्या पोरांनी तुला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. काचेवर तुझा पंजा दिसला मला. का तो पण डोळ्यातल्या थेंबाचाच खेळ होता, देव जाणे. एका बाईनं मला उठवून पाणी दिलं. मी पदर तोंडावर ओढला आणि सरळ यष्टी धरली.

तू आत्याचा मान राखला, मी देवीचा. दोघी बराबर होतो. मधल्या हातभर जागेत मी पडले, आणि तुझं नाव पडलं.

तू आईला बजावलं, आत्याचं नाव कुठं येऊ देऊ नका, तिच्या दारात कॅमेरे येतील. तुझ्या अंगावर साऱ्या मुलखाच्या शिव्या, आणि तू माझं दार झाकून राह्यली. मी पण गप्प बसले. म्हणलं धूळ आहे, बसंल.

शुक्रवारी देवळात जत्रेची बैठक होती. साहेबराव उठला आणि म्हणाला, ह्या पोरीनं पुन्हा ह्या गावात पाय ठेवायचा न्हाई. यंदाच न्हाई, कधीच न्हाई. बाकीच्यांनी माना हलवल्या. खांबाला टेकून तुझी आई बसलेली. ती नुसती लहान होत गेली.

मंग मी उठले. म्हणलं, "ती म्हातारी मी आहे." सगळं सांगितलं, थेंबापासून.

साहेबराव हसला. "आक्का, भाचीची माया कळते आम्हाला. पण देवळात तरी खोटं बोलू नका. त्या म्हातारीचं तोंड दिसतं का कुठं?"

"तोंड न्हाई दिसत म्हणूनच सांगून राह्यले ना!"

"मंग एवढे दिवस कुठं होता?"

 आणि मागून दैवशाला म्हणाली, "आणि खरं असंल तर आणखीच वाईट. सख्ख्या आत्याला लाथ!"

घरी येताना मी शाळूच्या कडेनं आले. रान तसंच हलत होतं. मला कळलं, की खरं काय हे त्यांना पाहिजेच न्हाई. सोंगाचा पाय हलला, एवढंच त्यांना दिसलं. पाय दगडाचा असता तर जन्मभर डोकं टेकलं असतं. तो मांसाचा निघाला, आपल्या मनानं हलणारा, सगळा राग त्याचा. वाईट माणसं न्हाईत गं ती. साहेबरावानंच मच्छिंद्राच्या तिरडीला खांदा दिला, रडलाही तेव्हा. पण ज्यांना उतरवायची रीत येत न्हाई ते पाडतात. आणि रीत येत असून आपल्या गावानं पाडलं, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुझी आई रात्रभर जागी होती. सकाळी म्हणाली, "आक्का, राहू द्या आता. गावानं मानलं न्हाई, जग काय मानतंय? आणि अनसूनं शपथ घातलीय." मी म्हणलं, शपथ तुला घातलीय, मला न्हाई.

काल प्रियाला मोबाइलवर माझं बोलणं घ्यायला बोलावलं. अंगणात उन्हात बसले, पदर डोक्यावर, तोंड उघडं. सुजलेलं मनगट पुढं धरलं. जे तुला लिहिलं तेच बोलले, फक्त मच्छिंद्राचं नाव आलं तिथं थांबावं लागलं. प्रिया म्हणाली, "आजी, एकदा सोडलं की परत घेता येत न्हाई. तुम्हालाही शिव्या पडतील."

"पडू दे. ह्या वयात नव्या शिव्या कळतील, तेवढंच शिक्षण."

हसली, पण डोळे पुसले तिनं. कुंपणापलीकडून दैवशाला सगळं ऐकून राह्यल्ती. संध्याकाळी दुधाचा तांब्या घेऊन आली, माझं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, हळद-तेल चोळलं, आणि गेली. त्याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव.

प्रिया ते उद्या सोडणार आहे. तुझी आई म्हणाली, आधी अनसूला फोन करून विचारा. मी न्हाई केला. फोन केला असता तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुझा आवाज ऐकून मी ऐकलं असतं. म्हणून पत्र लिहिलं. आज हसनाबादच्या पेटीत पडंल, तुझ्या हातात येईस्तोवर माझं तोंड साऱ्या मुलखानं बघितलेलं असंल. ह्यानं तुझं नाव परत उभं राहील असं मी म्हणत न्हाई. गावात जे झालं ते तिथंही होईल. पण मी खोट्याच्या आडोशाला बसायची न्हाई आता, तुझ्या पाठीमागं तर बिलकुल न्हाई.

सिनेमात राहायचं का सोडायचं ते तू ठरव, त्यातलं मला कळत न्हाई. रागावलीस तर रागव. पण लोक बघतात म्हणून दगड होऊन उभी राहू नको. पाय तुझा आहे, बाई. हलव.

तुझी,
दुकानाच्या पायरीवर पडलेली म्हातारी,
झुंबरआत्या