कानस लावलेली संगीन

बाबा, आज स्वयंपाकघराच्या खिडकीवरची संगीन खाली काढून तिला खोबरेल तेल लावलं. नाताळाआधी हे काम तुम्ही करायचात आणि मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी मनातल्या मनात भांडायलाही पूर्वीसारखी मजा येत नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती लिहून टाकते.

तेव्हा घरात तिला कुणी संगीन म्हणत नव्हतं. ती होती पोर्तुगीजांची कट्यार, तुम्हाला किल्ल्यात गवत कापताना सापडलेली. भुईगावात एवढं सांगितलं की पुरे. जुनी घंटा, जुना दगड, जुनं कुलूप, आपल्याकडे सगळंच पोर्तुगीजांच्या नावावर खपतं आणि पुढे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. हातभर लांब पातं, लाकडी मूठ, अशी ती किल्ल्यातली मौल्यवान वस्तू, आणि तुम्ही तिने केळीचे घड उतरवत होतात! शाळा शिकलेल्या मुलीला हे बघवत नसे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली आणि बाग सुकायला लागली. मला मुंबईत नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. कट्यारीची किंमत काढून आणते, असं मीच म्हणाले. तुम्ही बराच वेळ पानाला चुना लावत बसलात. मग म्हणालात, दाखव, पण परत घेऊन ये. मी मान हलवली.

कचेरीजवळ जुन्या वस्तूंचं दुकान होतं. मालक पारशी, म्हातारे, बोलायला तुटक. मी टॉवेलातून ती काढते आहे आणि पोर्तुगीजांचा सगळा इतिहास त्यांना ऐकवते आहे. ते ऐकतही नाहीत. मुठीच्या टोकाची खाच बघतात, तिथली कळ अंगठ्याने दाबतात, मग आडव्या पट्टीचं आकड्यासारखं वळलेलं टोक मला दाखवतात. ही जपानी फौजेची संगीन, बंदुकीच्या तोंडाशी लावायची, गेल्या महायुद्धातली, असं त्यांनी सांगितलं. बंदुकीच्या नळीवर चढवायची कडी मात्र कुणीतरी कापली होती, पात्यावरची कारखान्याची खूण घासून काढली होती आणि धार तर सहाणेवर पार झिजवली होती. म्यान नव्हतंच. खुणेसकट असती तर एखाद्या हौशी माणसाने चांगला भाव दिला असता, आता लोखंडाच्या भावातच जाईल, म्हणाले. कुठल्या मूर्खाने कानस लावली, असंही त्यांनी विचारलं. मला लाजेने मान वर करवेना.

संध्याकाळी घरी आले ती तणतणतच. तुम्ही चुलीपाशी बोंबील भाजत होतात. मी जपान, कडी, खूण सगळं एका दमात सांगितलं आणि त्या मूर्खाचाही उद्धार केला. तुम्ही बोंबील उलटलात.

"मीच घासली ती," तुम्ही म्हणालात. "तुझ्या काकाची हाय."

काका म्हणजे माझ्या लेखी भिंतीवरचा एक फोटो, लष्करी टोपीतला. तो ब्रह्मदेशातून परत आला आणि महिन्याभरात तापाने गेला, एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी तुम्ही पुढचं सांगितलंत. लढाईत मेलेल्या माणसाचं हत्यार त्याने घरात आणलं म्हणून पोर गेलं, असं आजीच्या मनाने घेतलं. तिने त्याचे कपडे, बूट, पट्टा, सगळं भरतीच्या पाण्यात सोडलं. संगीन तेवढी तुम्ही पेंढ्यात लपवलीत. दोन पावसाळ्यांनी तिची कडी कापलीत, खूण घासलीत आणि किल्ल्यात मिळाली म्हणून तीच आजीच्या हातात दिलीत. आजी मरेपर्यंत त्याच संगिनीने घड उतरवत होती.

"माझ्या आयला ती आवडायची," तुम्ही म्हणालात. "हलकी हाय, म्हनायची."

मग तुम्ही तोंड फिरवलंत, आणि मला पहिल्यांदा कळलं की एवढी वर्षं तुम्ही तिच्या हाताकडे बघत हे गिळत आला होतात. मला तुमची फार माया आली. पण आपल्या घरात माया बोलून दाखवायची रीत नव्हती. मी ताटं घेतली.

मोटर पुढे मामाने कुठूनशी दुरुस्त करून आणली आणि बाग जगली. संगिनीची किंमत तुम्ही मला कधीच विचारली नाहीत. विचारली असती तर मी तिथे काय ठरवून गेले होते तेही निघालं असतं आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. हा कागद आता कुठल्या टपालपेटीत टाकू? तरी आता खरं ते सांगते. दुकानाची पायरी चढतानाच मी ठरवलं होतं, मोटरीपुरते पैसे हातात पडले तर ती तिथेच सोडायची आणि गर्दीत हरवली म्हणून घरी सांगायचं. त्यांनी भाव दिला नाही म्हणून ती परत आली. तुमच्या कानशीने तिला आजीपासून वाचवलं, बाबा, आणि नंतर माझ्यापासूनही.