तबक पुढे सरकवलं

खडकी, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक माझ्यापर्यंत आलं आणि मी न घेताच पुढे सरकवलं. मनात कुणाबद्दल राग असेल तर घ्यायचं नाही, हे आईनेच शिकवलेलं. राग बाबांवर. इतकी वर्षं आईला मारलं, आता पश्चात्ताप झाला म्हणे! त्यांनी मात्र डोळे मिटून प्याला घेतला. पाळकांनी त्यांना मिठी मारली. आणि मी, जी काल दिवसभर स्वतःला तपासत बसले, ती कोरडी!

घरी आई म्हणाली, "तू का नाही घेतलंस गं?"

"तू विसरलीस सगळं?"

"विसरले नाही. पण प्रभूच्या दारावर तुला कुणी पहाऱ्याला बसवलंय?"

प्रभू, त्यांना क्षमा करायची तर कर. पण आधी आईला विचारायचं होतंस. ती हो म्हणाली असती, याचाच तर राग येतोय.