फर्निचरला एस लागत नाही

शारजा,
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २००२

प्रिय विद्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. आज सुट्टी, खोलीतली पोरं कपडे धुवायला गेलीत, म्हणून बसलो. मुख्याध्यापकांना तोंडी सांगून ठेवलंस आणि मार्चअखेरीला राजीनामा लेखी देणार, असं लिहिलंयस. पाच वर्षं हुपरी-मुडशिंगी एसटीत उभ्यानं जाऊन तू ती नोकरी पक्की केलीस. माझ्याकडं यायचं म्हणून आता सोडणार.

अंग नुसतं ठणकतंय. ह्या आठवड्यात कपाटांचे तीन कंटेनर उतरवले. थकलो की तुझे इंग्रजीचे धडे काढून वाचतो. पहिल्या पत्रात तू लिहिलंवतंस, जे मोजता येत नाही त्याला एस लावायचा नाही. मी उलट भांडलो की, इथं दिवसभर आम्ही फर्निचर मोजतोच, मग एस का नको? त्यावर तू जे लिहिलंस ते अजून पाठ आहे. "तुम्ही चांदीच्या कारखान्यात बसलाय ना? पैंजण मोजायचे, चांदी मोजायची नाही. खुर्ची म्हणजे पैंजण, फर्निचर म्हणजे चांदी. एवढं ध्यानात ठेवा की." आठवीत मास्तरांनी एवढं सांगितलं असतं तर मी शाळा सोडून पळालो नसतो, असं वाटलं. पण खरं सांगू, पळालो असतोच. कारखाना सोडला, टेम्पो सोडला, पुणं सोडलं. तू कधी टाकून बोलली नाहीस, नुसते धडे पाठवत राहिलीस. लगेज, इक्विपमेंट, ॲडव्हाइस. कामावर जाताना गाडीत पुटपुटायचो, तर बिहारी पोरं मला मास्टरजी म्हणून चिडवायची.

स्टोअरकीपरचा पेपर डिसेंबरात झाला, त्याचं सगळं तुला सांगायचं राहिलंय. आलेल्या मालाची नोंद लिहायची होती. मी 'ट्वेंटी पीसेस ऑफ फर्निचर' लिहिलं, एस फक्त पीसला. मॅनेजर केरळचा आहे, म्हातारा. त्यानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, कुठं शिकलास? मी म्हटलं, बायको शिकवते, पत्रानं. तो हसला, मला खुर्चीवर बसवलं. दोन वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा बसलो.

मग त्यानं दहावीचं सर्टिफिकेट मागितलं. मी नाही म्हटलं. त्यानं कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बेटा, मेरे हाथ में नहीं है. संध्याकाळी घराजवळच्या दुकानात फोन केला तेव्हा तू धापा टाकत आलीस, पेपर कसा झाला विचारलंस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, झालं काम म्हणून. मागनं अव्वाचा आवाज आला, माझा लेक साहेब झाला, साखर वाटायची म्हणत होती. मग मागं येता आलं नाही. विद्या, मी स्टोअरकीपर झालो नाही. बायकोला आणता येईल असा व्हिसा हमालाला मिळत नाही. राजीनामा देऊ नकोस. पत्र मिळताच मुख्याध्यापकांकडं जा. 'माझा विचार बदलला' असलं काही सांगू नकोस, नवरा खोटं बोलला म्हणून सांग. अव्वाला तू सांगायचं नाही. बावीस तारखेला, शुक्रवारी, फोन करतो, तिला दुकानात बसवून ठेव. तिला मी सांगतो.

तुझाच,
अमरेश