चतुराचा डोळा

बाबूजी, मागच्या रविवारी गावाबाहेरच्या बोडीवर, तळ्याकाठच्या काडीवर बसलेल्या एका चतुराचा फोटो काढला. डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळा साफ. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तिरोड्यातल्या आपल्या फोटो स्टुडिओतली ती दुपार आठवते. मी नववीत. लग्नाच्या रोलमध्ये उरलेले चार फोटो मी चतुरांवर घालवले होते आणि चारही धुरकट आले होते. "काऊन वं, हे काय काढून राहिली?" तुम्ही ओरडलात. पण त्याच पाकिटातले तुमचे लग्नाचे फोटोही हललेले होते. हार घालताना नवरीचा चेहरा पुसल्यासारखा. तुम्ही ते एकेक करून पाहिले आणि उजवा हात टेबलाखाली नेला. तो कापत होता. वर्षभरात स्टुडिओला कुलूप लागलं. शेवटी शेवटी तर घासही आईच भरवायची.

यंदा मी क्लोज-अपची लेन्स घेतली आणि माझेही फोटो धुरकट यायला लागले. श्वास रोखते, कोपरं बरगड्यांना टेकवते, तरी निम्मा चतुर विरघळलेला. महिनाभर कोणाला बोलले नाही. रोज सकाळी भरलेला कप हातात धरायचा आणि चहा हलतो का ते बघत बसायचं. एकदा आईनं पकडलंच. "काय पाहून राहिली?" मी कॅमेरा तिच्यापुढे केला. "माझाही हात बाबूजींसारखा कापून राहिला, आई." तिनं चष्मा लावला, फोटो मोठा करायला सांगितला. तुमचे हललेले फोटो तिनं कितीतरी पाहिलेले. "याचा डोळा पाह्य. ठिपका न् ठिपका दिसून राहिला. हात हालला असता तं डोळाबी पुसला असता. हात नाही हालला तुया."

मी तिच्यासमोर रडले. मग चूक लक्षात आली. मी चतुराच्या तोंडासमोर, फार जवळ बसत होते; डोळा तेवढा फोकसमध्ये यायचा, मागचं शरीर सुटायचं. रविवारी चिखलातून त्याच्या बाजूला गेले, कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर धरला, सगळं अंग साफ यावं म्हणून अ‍ॅपर्चर बारीक केलं. तो उडाला, फिरून त्याच काडीवर बसला. वारा पडला तसं बटण दाबलं.

फोटो पाहून बोडीच्या पाळीवर एकटीच हसत बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुमची आठवण नंतर आली, बाबूजी. आधी एवढंच वाटलं, की सुटले, तुमचा आजार माझ्याकडे आला नाही.