अर्ध्या टँकरची वारसदार

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी दुधाचा टँकर चालवणे व हल्ली खिडकीत बसणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डावा पाय व डावा हात कामातून गेले आहेत, पण सहीला उजवा पुरतो. कोणाचा दबाव नाही. पत्नी शेजारी उभी राहून "हे कशाला, ते कशाला" म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची पत्र्याची शेड, आणि बँकेत असेल ते, पत्नीच्या हयातीत तिचे. तिच्यामागे मुलीचे.

२. धाकट्या भावाला माझा मोठा जॅक. तो जन्मभर मोटारी वाहणारा दुमजली ट्रेलर ओढत आला आणि चारचौघांत मला "दूधवाला" म्हणत आला. त्याच्या मोटारी साखळीने बांधलेल्या, जागच्या हलत नाहीत. माझा माल हलायचा. जॅक नेताना त्याने एवढे कबूल करावे. न केल्यास जॅक तरीही द्यावा, तो काही सुधारायचा नाही.

३. दुधाच्या टँकरला आत हेलकावे अडवणारे आडवे पत्र्याचे पडदे नसतात, कारण कोपऱ्यात राहिलेले दूध नासते. त्यामुळे अर्धा भरलेला टँकर ब्रेक लावल्यावर थांबतो, आणि मग मागून दूध येऊन धडकते व गाडी पुन्हा पुढे ढकलते. वळणावर ते एका अंगाला चढते. सव्वीस वर्षे त्याने माझ्या नाकी नऊ आणले. कंपनीने दोनदा लोखंड न्यायचा सपाट ट्रेलर देऊ केला. दोन्ही वेळा आठवड्यात मीच टँकर परत मागून घेतला. लोखंड नुसते पडून असते, मन लागत नाही. पत्नीला मात्र "कंपनी सोडत नाही" असे सांगत आलो. तिने माफ करावे.

४. माझी पान्यांची पेटी, हातमोजे व टायर ठोकून बघायचा दांडका मुलीला. ती आता तोच टँकर चालवते. मी नको म्हणालो, अबोला धरला, जेवण सोडले. शेवटी हात जोडायला गेलो तर डावा वर येईना. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही का नाही सोडलात?" "जपून जा," एवढेच म्हणालो.

५. टँकर सोडला तरच घर मिळेल, अशी अट येथे होती. वकील म्हणाले, "घाला की, काका. पण ती घर सोडेल, टँकर नाही." खरे आहे. अट मी स्वतः खोडली आहे. मला तिच्यासाठी फार भीती वाटते आणि माझ्या हातात काही उरलेले नाही.

६. माझे बरेवाईट झाल्यास, ती रस्त्यावर असताना तिला फोन करू नये. अशी बातमी कानावर पडली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. टँकर रिकामा होऊन, आतून धुऊन, ती खाली उतरली की मगच सांगावे. उशीर होत असल्यास तिच्यावाचून उरकून घ्यावे. जाता जाता मीच "तिला बोलवा" म्हणून हट्ट धरला, रडलो, तरी ऐकू नये. पत्नीने "निघालीय ती" म्हणावे आणि फोनला हात लावू नये.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा

(सही) लिहून देणार

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) समोरचा टायरवाला
२. (सही) शेजारच्या निवृत्त शिक्षिका. कलम सहा मला पटलेले नाही, तरी सही करीत आहे.