पुदिन्याचं फूल

२ मे
गोदावरी भावाकडे कळवणला गेली. हवापालट म्हणून. मे महिन्यात कळवणची हवा खायला कुणी जातं असं मी ऐकलेलं नाही, पण असो. परवाच्या आमटीच्या वाटीचा याच्याशी काही संबंध नाही. वाटी माझ्या हातातून निसटली. निसटून भिंतीपर्यंत गेली, हे मान्य. निघताना म्हणाली, "तुमचं डोकं थंड झालं की कळवा." मला राग येतो असा तिचा गैरसमज आहे. सातपूरला सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये झाली, फोरमन होतो. मशिनच्या वर आवाज काढला नाही तर ऐकणार कोण? रिटायर झालो म्हणून गळा काय कंपनीत जमा करून यायचा?

४ मे
पाठभर घामोळं. खालच्या मजल्यावरच्या लियाकतभाईंचं कटलरीचं दुकान आहे, तिथून मेंथॉलवाली पावडर आणली. मानेला लावली आणि काय सांगू, गारेगार. तेवढ्यात पाण्याच्या मोटरवरून सोसायटीचे सेक्रेटरी आले. मी दोनदाच ओरडलो. एरवी माणूस जिना उतरेपर्यंत चालतं.
म्हणजे गोष्ट सरळ आहे. हा स्वभाव नाही, उष्णता आहे. आजपासून सकाळ-संध्याकाळ पावडर. महिनाअखेर मी दुसराच माणूस असेन.

५ मे, संध्याकाळ
ओवीचा फोन. जावयांची बदली झाल्यापासून मुलगी पुण्यात असते, औषधांच्या कंपनीत आहे. तिला शोध सांगितला. ती म्हणे, बाबा, मेंथॉलने काही थंड होत नाही, कातडीखालच्या नसांना तसं नुसतं वाटतं, हवं तर थर्मामीटर लावून बघा. मी म्हटलं, बाई, वाटणं हेच तर महत्त्वाचं. त्यावर म्हणाली, मग आईला काय वाटतं ते कधी विचारलंत का?
शिकवा पोरींना! फोन मी आपटला नाही. ठेवला. टेबल कडक आहे. काच नवीन टाकून घ्यावी लागेल.

७ मे
जिन्यात रोशनबी भेटल्या. लियाकतभाईंच्या बायको. गोदावरी यांना रोज फोन करते, हे मला माहीत आहे. आमचा आवाज यांच्या छतातून खाली जातो, म्हणजे माझं कॅरेक्टर सर्टिफिकेट आता यांच्या हातात. म्हटलं, वहिनी, वरून हल्ली आवाज येत नाही ना? त्यांनी जरा विचार केला आणि काल तुम्ही कुकरला एवढं कशाला बोलत होतात, असं विचारलं.
शिट्टी होत नव्हती. कुकरशी बोलणं यात धरू नये.

९ मे
पावडर लेचीपेची पडते. भद्रकालीत जाऊन काष्ठौषधीवाल्याकडून पुदिन्याचं फूल आणलं. फूल कसलं, काचेसारखे लांबट खडे. शुद्ध मेंथॉल. तो म्हणाला, खोबरेलात चिमूटभर, डोळ्यांपासून लांब. चिमूट कुणाची ते त्याने सांगितलं नाही. मी माझ्या हिशेबाने घातलं.
टाळूवर चोळलं. आहाहा. कानातून वारं गेलं. तासभर कुणावर म्हणून राग आला नाही. घरात कुणी नव्हतं, तो भाग वेगळा.

११ मे
भात करपला. काही बोललो नाही. कंटाळा आला आहे. ऊन, पंखा, तेल, परत पंखा. दुपारी ताट घेऊन बसलो तर माझ्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता. जरा शांतता मिळेल का या घरात, हे मी किती वेळा ओरडलो असेन. मिळाली. हिचं काय करायचं ते माहीत नाही.
ती यावी. बाकी काही नको.

१२ मे
आली बातमी! रोशनबींनी चांगलं सांगितलं, वर अगदी गपचूप आहे म्हणून. गोदावरी उद्या येते. राहायचं की नाही ते इथे येऊन ठरवणार आहे. ठरवू दे. उद्या कपाळ, कानशिलं, मान आणि थोडं भुवयांच्या खाली. आयत्या वेळी डोकं तापायला नको.

१३ मे, संध्याकाळ
दाराची बेल वाजली तेव्हा मला दार दिसत नव्हतं. भुवयांचं तेल घामाबरोबर डोळ्यांत उतरलं होतं. चाचपडत कडी काढली. धारा लागलेल्या. गोदावरी बघतच राहिली. माझी आई गेली तेव्हा, ओवीची पाठवणी झाली तेव्हा, तिने माझे डोळे कोरडेच पाहिलेले. बॅग ठेवली, मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं, शेजारी बसली. पदराने डोळे पुसले, त्याने आग आणखी पसरली.
"इतकं लागलं होतं मनाला? एकदा बोलायचं तरी," असं म्हणून तिने माझ्या हातावर हात ठेवला.
गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं. पण मला रडका समजते म्हटल्यावर उठलोच. "मी रडत नाहीये! तेल आहे ते, तेल!" बेंबीच्या देठापासून. खाली रोशनबींचा टीव्ही बंद झाला.
गोदावरीने टेबलावरची बाटली उघडून हुंगली, झाकण नीट लावलं आणि बॅग उचलली.
"तेल नसतं तर राहिले असते," म्हणाली.
चारची कळवण गाडी मिळाली असेल.

१४ मे
साबणाने डोकं धुतलं. परत धुतलं.
सकाळपासून फोन हातात आहे. तिला सांगायचं एवढंच की कालचं सगळं पाणी तेलाचं नव्हतं. तिने हात ठेवला त्यानंतरचं तर नव्हतंच. पण हे माझ्या आवाजात सांगितलं तर भांडण वाटेल. म्हणून आधी घरात, एकट्याने, हळू म्हणून पाहिलं.
माझं मलाच ऐकू आलं नाही.